बत्तिसावी रात्र

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत. लहानपणी पुस्तक वाचलेल्या कुणालाही विचारा, त्याला सहा-सात आठवतात. वडाला प्रदक्षिणा घालायला लाजणारा श्याम ही पहिली रात्र. झाडावरच्या कळ्या खुडल्या म्हणून आईनं समजावलं ती तिसरी. आंघोळीनंतर तळवे मळू नयेत म्हणून तिनं धोंडीवर पदर पसरला ती सहावी. पत्रावळ सातवी, शिंपटीचा मार खाऊन विहिरीत शिकलेलं पोहणं बारावं, अळणी भाजी अठरावी. हे आकडे ओळीनं मांडले की एक गोष्ट चटकन दिसते. आठवणीत राहिलेलं सगळं अठराव्या रात्रीच्या आतलं आहे. तिथून आठवण थेट शेवटाला, आईच्या मरणापाशी जाते. मधल्या वीसेक रात्री जणू कुणी वाचलेल्याच नसतात.

त्या मधल्या भागात बत्तिसावी रात्र आहे. तिचं नाव, ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’.

दहा-बारा वर्षांच्या वाचकाला हे नाव काही सांगत नाही. कर्ज, सावकार, तगादा हे त्याला राक्षसाच्या गोष्टीतल्या राक्षसासारखे वाटतात. वाईट आहेत, येतात, त्रास देतात, एवढंच. पण चाळिशीत, महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता जाण्याची सवय झाल्यावर हे पुस्तक पुन्हा उघडलं, तर बत्तिसाव्या रात्रीपाशी हात थांबतो. तिथून मागं वळून पाहिलं की आधीच्या एकतीस रात्रीही वेगळ्या दिसू लागतात. मातृप्रेमाचं स्तोत्र म्हणून आपण जे पुस्तक कपाटात जपून ठेवलं, त्यात एक घर पायरी-पायरीनं बुडत गेल्याची अगदी नेमकी नोंद आहे. मला तर आता असं ठामपणे वाटतं, की श्यामचं वाढणं म्हणजे या बुडण्याचा अर्थ त्याला थोडा थोडा कळत जाणं. आईचं मोठेपणही खरं तिथंच दिसतं, कारण त्या घरात हिशेब कळणारी ती एकटी होती.

आधी या रात्रींच्या जन्माविषयी. साने गुरुजींनी त्या नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतल्या, ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी. १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे लेखन थांबलं. बहुतेक रात्री या पाच दिवसांतल्या आहेत, उरलेल्या बाहेर आल्यावर लिहिल्या. पुस्तक १९३५ साली निघालं. पाच दिवसांत एवढं लिहून होतं ते आधीपासून मनात साठलेलं असलं तरच. शिवाय वर्षभरापूर्वी, १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि ती प्रवचनं साने गुरुजी उतरवून घेत होते. समोर माणसं बसली आहेत, एक जण बोलतो आहे, एका बैठकीत एक विषय संपतो, ही घडण त्यांच्या हातात तेव्हाच बसलेली असणार. ‘रात्र’ या प्रकरणाचा साचा तोच आहे.

पुनर्वाचनात पहिली नजर जावी ती याच साच्याकडे. श्याम ही कहाणी कुणाला सांगतो? आश्रमातल्या मित्रांना, प्रार्थनेनंतर. पुढं गावातली माणसंही येऊन बसतात. मुलांना झोपवताना सांगितलेली ही गोष्ट नव्हे. दिवसभर कामं करून आलेल्या कर्त्या माणसांना सांगितलेली आहे. आपण ती मुलांच्या हातात दिली, शाळेच्या पुस्तकात तिचे धडे घातले, आणि धडे निवडताना अर्थातच कळ्या, पोहणं, पत्रावळ घेतली. सावकाराचा माणूस पाचवीच्या धड्यात कोण घालणार? पुढं १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि आईची प्रतिमा महाराष्ट्रात कायमची कोरली गेली. ती प्रतिमा खोटी नाही. पण तिच्यामागं घराचं जे चित्र होतं ते अंधारात गेलं.

तर आता घराकडे बघू.

घसरणीची पहिली पायरी दहाव्या रात्री आहे, ‘पर्णकुटी’त. लहानपणी ही रात्र आवडते, कारण तिच्यात नवं, छोटं, स्वतःचं घर आहे. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. त्याआधी काय झालं ते मात्र निसटतं. भाऊबंदकी झाली. गावची वसुली करणाऱ्या खोताच्या भरल्या घरातून श्यामचे वडील वेगळे निघाले आणि सगळे गावातच आजोळच्या घरी राहायला गेले. आईला ते बोचतं. माहेरच्या आधारानं जगायचं नाही, झोपडी का होईना पण आपली हवी, असं ती नवऱ्याला सांगते. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आला की आपली नथ आणि पाटल्या विका म्हणते. स्वतंत्रता हीच खरी शोभा, असं तिचं म्हणणं.

इथं ‘केवढा त्याग!’ म्हणून पुढं जाणं सोपं आहे. जरा थांबून पाहिलं तर ही बाई व्यवहाराचं बोलते आहे. सोनं अंगावर पडून राहतं, त्यातून काही उगवत नाही, आणि मिंधेपण रोज वाढतं. पडून असलेली वस्तू विकून मिंधेपण संपवावं, हा तिचा हिशेब आहे. पुढं शेताविषयी ती जे सांगते तेही याच हिशेबातलं. दहावी आणि बत्तिसावी या दोन रात्री म्हणून लागोपाठ वाचाव्यात. तिचा सल्ला एकच आहे. पहिल्या वेळी ऐकला गेला, दुसऱ्या वेळी ऐकला नाही.

कर्ज वाढत चाललं तेव्हा तिचं मागणं असं, की एखाददुसरा जमिनीचा तुकडा विका आणि देणं हलकं करा. वडिलांना वडिलोपार्जित जमीन विकणं कमीपणाचं वाटतं. बायकांना यातलं काय कळतं, असं म्हणून ते विषय संपवतात.

तिला किती कळत होतं, ते कागदावर मांडून पाहता येतं. खालचे आकडे पुस्तकातले नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत. हजार रुपये कर्ज, वर्षाला शेकडा बारा, व्याजावर व्याज, मधे काहीच फेड नाही. सहा वर्षांनी देणं होतं १,९७४ रुपये, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आईच्या सल्ल्यानं पहिल्याच वर्षी पाचशेचा एक तुकडा विकला असता तर राहिलेल्या पाचशेचे सहा वर्षांनी ९८७ झाले असते. तोच तुकडा सहा वर्षं धरून ठेवला आणि शेवटी त्याच पाचशेला विकला, तर डोक्यावर १,४७४ उरतात. जमीन तेवढीच गेली, भावही तोच मिळाला, फरक फक्त कधी विकली याचा, आणि त्या फरकाची किंमत ४८७ रुपये. जमिनीचं उत्पन्न व्याजाला पुरत असेल तर गोष्ट वेगळी. पण कोकणातली भातशेती पावसावर, वर्षातून एक पीक, त्यात घरातली खाणारी तोंडं आणि मुलांची शिक्षणं. तिथं उत्पन्न व्याजाच्या मागंच राहतं. चुलीपुढं बसलेल्या बाईला हे आकडेमोडीशिवाय दिसत होतं, कारण दर महिन्याला डबे रिकामे होताना तिच्याच हाताला कळत होते.

वडिलांना खलनायक करण्याची चूक मात्र करू नये. नव्यानं वाचणारे हल्ली ती फार करतात. हेच भाऊराव अळणी भाजी चवीनं खातात, बायकोला वाईट वाटू नये म्हणून. तेविसाव्या रात्रीचं नावच ‘अर्धनारी नटेश्वर’ आहे आणि पुरुषानं घरकामात बाईसारखं व्हावं हे श्याम तिथं मोकळेपणानं सांगतो, ते या घरात वाढूनच. भाऊरावांचं प्रेम खरं आहे, त्यांची मान ताठ ठेवण्याची ओढही खरी आहे. त्यांना जमीन राखायची होती ती अब्रूसाठी. सदतिसाव्या रात्रीचं नाव आहे ‘अब्रूचे धिंडवडे’. बत्तीस ते सदतीस या सहा रात्रींत एका शब्दाचा हा प्रवास झाला आहे, आणि साने गुरुजी त्यावर बोट ठेवून काही सांगत नाहीत. आपण नावं ओळीनं वाचायची.

बत्तिसाव्या रात्रीचा कळस म्हणजे वसुलीला आलेला सावकाराचा माणूस. तो ज्या घरात तगाद्याला येतो त्याच घरात जेवतो, आणि त्याचं रांधायचं आईनंच. त्याच्या जिभेला मग हाड राहत नाही. पैसे नसतील तर बायको विका, इथवर तो बोलतो. आणि आत काम करणारी आई बाहेर येते. आयुष्यभर ओटीवरच्या पुरुषांच्या बोलण्यात न पडलेली बाई ओटीवर येऊन त्याला चालता हो म्हणते. त्याला ठणकावून विचारते, असं बोलायला लाज कशी वाटली नाही. वाचताना अंगावर काटा येतो, आज तर जास्तच. कारण लहानपणी आपल्याला तिचा राग दिसतो. आता तिच्या रागाची जागा दिसते. ज्या व्यवहारात तिला एक शब्द बोलू दिला नाही, त्याच व्यवहारात तिचं नाव विकाऊ मालाच्या यादीत आलं.

पुढच्या चार रात्री, गरिबांचे मनोरथ, वित्तहीनाची होणारी हेळसांड, आईचं चिंतेनं भरलेलं जगणं, तेल-मिठाची ओढाताण, या सलग एकाच बैठकीत वाचाव्यात. वेगवेगळ्या वाचल्या तर त्या एकसुरी वाटतात, रडगाणं वाटतात. सलग वाचल्या की कळतं, एकसुरीपणा हाच तिथला अनुभव आहे. कर्जात घटना फारशा घडत नाहीत. रोज तेच घडतं, थोडं आणखी कमी होऊन.

आणि मग सदतिसावी रात्र. गावात ढोल वाजतो. घराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते. शाळेतली पोरं श्यामच्या धाकट्या भावाला चिडवतात.

हा ढोल लहानपणी गावाच्या दुष्टपणासारखा ऐकू येतो. कुणीतरी मुद्दाम अपमान करायला वाजवतो आहे, असं वाटतं. खरं म्हणजे तो कायद्याचा ढोल आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, एकविसाव्या आदेशाच्या चोपन्नाव्या नियमात, स्थावर मालमत्तेची जप्ती कशी करायची ते सांगितलं आहे. मालकाला ती मालमत्ता विकायला किंवा कुणाच्या नावे करायला मनाई करायची. तो हुकूम त्या मालमत्तेवर किंवा तिच्या लगतच्या जागी ढोल वाजवून, किंवा तिथं जी चाल असेल त्या रीतीनं, जाहीर करायचा. त्याची प्रत मालमत्तेच्या ठळक जागी लावायची. हेतू सरळ आहे. गावात कुणी नकळत ते घर विकत घेऊ नये, फसू नये. व्यवहार स्वच्छ राहावा म्हणून लिहिलेला नियम घरातल्या बाईच्या कानावर कसा पडतो, ते सदतिसाव्या रात्री आहे. सावकारानं आधी दावा लावलेला असतो, कोर्टाचा हुकूमनामा झालेला असतो, मग बजावणी. महिनोन्‌महिने हे कागदावर चाललेलं असतं. आईच्या वाट्याला येतो तो फक्त शेवटचा आवाज.

यानंतर अडतिसावी रात्र ‘आईचा शेवटचा आजार’. मधे एकही दिलाशाची रात्र नाही. पहिल्या रात्री वडाला प्रदक्षिणा घालायला श्यामला जावं लागलं ते आई तापानं अशक्त होती म्हणून. म्हणजे ती पहिल्यांदा आपल्याला भेटते तेव्हाच आजारी असते. हेही दुसऱ्या वाचनातच लक्षात येतं. या शेवटच्या आजारात श्याम शिकायला लांब आहे. त्याच्या अभ्यासात खंड पडू नये म्हणून त्याला कळवूच नका, असं ती सांगते. त्याचं शिक्षण ही त्या घरानं शेवटपर्यंत चालू ठेवलेली एकच गुंतवणूक आहे. तो पोचतो तेव्हा उरलेली असते ती ‘भस्ममय मूर्ती’. मोठा झालेला श्याम एवढ्या रात्री का बोलतो, हे इथं कळतं. घरात काय चाललं होतं ते घडत असताना त्याला अर्धंच ठाऊक होतं. उरलेलं तो आता, मित्रांसमोर, मागं जाऊन जुळवतो आहे.

एक गोष्ट या वाचनात अडते आणि ती अडलीच पाहिजे. हे घर खोताचं आहे. खोत म्हणजे कुळांकडून वसुली करून सरकारात भरणारा मधला माणूस. त्या साखळीत त्याच्या खाली कुळं होती, त्यांच्याही डोक्यावर देणी होती, त्यांच्याही दारात कुणीतरी वसुलीला जात होतं. नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं जात होतं त्याच १९३३ साली अलिबागजवळ चरीला खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. श्यामच्या आईसाठी भरून येणारं मन चरीच्या एखाद्या कुळाच्या बायकोपर्यंत गेलं नाही, तर वाचन अर्धं राहिलं असं मी म्हणेन.

पंचविसावी रात्र, ‘देवाला सारी प्रिय’, याच्याच शेजारी ठेवायला हवी. म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असं आई श्यामला सांगते. आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. लहानपणी पहिलं वाक्य लक्षात राहतं. आज दुसरं वाक्य टोचतं, आणि टोचू द्यावं. आई जिथवर आली तिथवर तिच्या काळात, त्या गावात, फार थोडी माणसं आली होती. पण ती तिथं थांबली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. आईनं सांगितलेली आंघोळ मुलानं अशी गाळली.

ज्यांना पुन्हा वाचायचं आहे त्यांच्यासाठी काही सांगायचं तर एवढं. आधी हातातली प्रत तपासा. अनुक्रमणिकेत प्रारंभ आणि त्यानंतर बेचाळीस रात्री हव्यात. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत नेमका उत्तरार्ध कापलेला असतो, आणि तो नसला तर या वाचनाला अर्थ नाही. रोज दोन रात्री, फक्त तेहतीस ते छत्तीस या चार एका दिवशी, असं धरलं तर वीस दिवस लागतात. मोठ्यानं वाचा, एका रात्रीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हे बोललेलं गद्य आहे, डोळ्यांनी भरभर वाचलं की त्यातली पुनरुक्ती खुपते, आवाजात ती खुपत नाही. उपदेशाचे परिच्छेद गाळण्याचा मोह होतो. काही ठिकाणी ते खरोखरच लांबले आहेत, हे मान्य. तरी पहिल्या खेपेला गाळू नका, कारण घरातला व्यवहार कित्येकदा उपदेशाच्या मधोमध एका वाक्यात येऊन जातो. हातात पेन्सिल ठेवा आणि जिथं जिथं पैसा, कापड, धान्य, दागिना, देणं येईल तिथं समासात बारीक खूण करा. आईच्या प्रेमाच्या म्हणून लक्षात असलेल्या रात्रींवरही खुणा पडतील. बाविसाव्या रात्रीची दिवाळी आनंदाची होते ती आईनं भावाच्या ओवाळणीच्या पैशांतून नवऱ्याला धोतर आणलं म्हणून. म्हणजे त्या घरात तेव्हा दुसरा पैसा नव्हता. सव्विसाव्या रात्री श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून आणतो. तो कोट घरातून शिवला जाणार नाही हे त्या पोराला कळलं होतं.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे रडू लवकर येऊ देणं. सहाव्या रात्रीच डोळे भरले की पुढचं सगळं ओल्या डोळ्यांनी वाचलं जातं आणि आकडे दिसेनासे होतात. रडावं, जरूर रडावं. पण सदतिसाव्या रात्रीनंतर.

आणि शेवटचं पान मिटल्यावर एकदा मागं, अठराव्या रात्रीकडे जा. रताळ्याच्या पाल्याची भाजी आहे, आई मीठ घालायला विसरली आहे, वडील आणि श्याम काही न बोलता खाऊन उठले आहेत. मग तीच भाजी आई आपल्या पानात घेते आणि पहिल्या घासाला तिला कळतं. किती हळहळते ती. या रात्री मीठ घरात आहे, फक्त घालायचं राहिलं आहे. छत्तिसाव्या रात्रीचं नाव आहे, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’